तीस पौंडांचा आलाप

पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम मार्च १९७३मध्ये बाजारात आला. त्याच्याविषयी इतकं लिहून झालं आहे की, नव्याने लिहिणाऱ्याने आपला हेतू आधीच सांगून टाकलेला बरा. माझा हेतू मर्यादित आहे. या अल्बमच्या पहिल्या बाजूच्या शेवटी ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ नावाची रचना आहे. लांबी साडेचार मिनिटांहून थोडी जास्त. तीत गायलेला एकही शब्द नाही. पियानो सुरू होतो, मागे एकदोन माणसं मरणाविषयी काहीबाही बोलतात आणि मग एक बाई निव्वळ आकारात गाऊ लागते. ती क्लेअर टोरी. या कामाचे तिला ३० पौंड मिळाले. वेष्टनावर गायिका म्हणून तिचं नाव छापलं गेलं, पण रचनाकार म्हणून एकट्या रिचर्ड राइटचं नाव होतं. २००५पासून राइटच्या नावाला जोडून ‘गायनरचना : क्लेअर टोरी’ अशा अर्थाची नोंद येऊ लागली.

मधल्या ३२ वर्षांत त्या ध्वनिमुद्रणातला एक सूरही बदललेला नव्हता. बदलली ती ‘रचना’ या शब्दाची व्याप्ती. हा बदल कशामुळे झाला आणि तो योग्य होता का, एवढाच या लेखाचा विषय आहे. हा प्रश्न फक्त पैशांचा नाही. एखादी कलाकृती कोणाची, हे आपण कशावरून ठरवतो, असा तो प्रश्न आहे. आणि ज्याला बंदिश आणि बढत यांतला फरक ठाऊक आहे अशा श्रोत्याकडे त्यावर सांगण्यासारखं बरंच काही आहे, असं मला वाटतं.

आधी मंच, मग स्टुडिओ

हा अल्बम स्टुडिओत जन्मला नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. १९७१च्या अखेरीला निक मेसन या ड्रमवादकाच्या लंडनमधल्या कॅम्डन भागातल्या घरी, स्वयंपाकघरात चौघे बसले असताना रॉजर वॉटर्सने कल्पना मांडली : माणसाला वेड लावणाऱ्या गोष्टींवर एक सलग काम करायचं. वेळ, पैसा, प्रवास, हिंसा, मृत्यू आणि शेवटी प्रत्यक्ष वेड. यामागे एक न सांगितलेलं नाव होतं. बँडचा मूळ गीतकार आणि गायक सिड बॅरेट मानसिक तोल ढळत गेल्यामुळे १९६८मध्ये बँडपासून दूर झाला होता. आपल्यातला सगळ्यांत प्रतिभावान माणूस डोळ्यांदेखत हरवताना या तरुणांनी पाहिलं होतं.

२० जानेवारी १९७२ला ब्रायटन इथे हे काम पहिल्यांदा लोकांपुढे आलं, आणि यंत्रणा बिघडल्यामुळे मध्येच थांबवावं लागलं. फेब्रुवारीत लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये ते पूर्ण वाजलं. म्हणजे अल्बम निघण्याआधी सुमारे वर्षभर हे संगीत रोज थोडं थोडं बदलत श्रोत्यांसमोर वाजत होतं. चोरून मुद्रित केलेल्या त्याच्या तबकड्याही खऱ्या अल्बमच्या आधी विकल्या गेल्या. नाटकवाल्यांना ही पद्धत अनोळखी वाटणार नाही. संहिता पक्की होते ती तालमीत आणि प्रयोगांत.

ध्वनिमुद्रण झालं ईएमआय कंपनीच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओत, मे १९७२च्या अखेरीपासून फेब्रुवारी १९७३पर्यंत, दौऱ्यांमधून वेळ काढत. इथे चौघांच्या पलीकडची माणसं कामात शिरतात. अ‍ॅलन पार्सन्स हा तंत्रज्ञ ईएमआयचा पगारी नोकर. ‘टाइम’च्या सुरुवातीला एकदम ठणठणणारी घड्याळं त्याने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक करून मुद्रित केली होती, तीही मुळात वेगळ्याच ध्वनिचाचणीसाठी. ‘मनी’च्या आरंभी नाण्यांचा खळखळाट, फाटणारे कागद आणि गल्ल्याच्या यंत्राचा आवाज एका चक्रात फिरतात. चुंबकीय फितीचे मोजून कापलेले तुकडे जोडून हे चक्र केलं होतं. नाण्यांच्या आवाजासाठी वॉटर्सने आपल्या कुंभारकाम करणाऱ्या पत्नीच्या माती कालवायच्या भांड्यात नाणी टाकली होती. या चक्रावर सात मात्रांचं गाणं उभं राहतं. आपला श्रोता चटकन रूपकाकडे वळेल, पण मात्रांचा आकडा तेवढा जुळतो, चाल जुळत नाही. गंमत पुढे आहे. गिटारचा एकल भाग आला की गाणं सातावरून सरळ चार मात्रांवर येतं आणि डेव्हिड गिल्मरला मोकळं मैदान मिळतं. विस्तार करायचा तर पायाखालची जमीन ओळखीची हवी, हे तिथेही कळलेलं होतं.

सॅक्सोफोन वाजवला डिक पॅरीने. तो गिल्मरचा केंब्रिजपासूनचा मित्र. ‘अस अँड देम’चा पियानो राइटने इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या ‘झाब्रिस्की पॉइंट’ या चित्रपटासाठी रचला होता. दिग्दर्शकाने तो नाकारला आणि तो तसाच पडून होता. ‘ब्रीद’मधली एक स्वरसंगती आपल्याला माइल्स डेव्हिसच्या १९५९च्या ‘काइंड ऑफ ब्लू’मधून सुचली, असं राइटने स्वतःच सांगितलं आहे. म्हणजे हा अल्बम अनेक हातांनी, जुन्या-नव्या तुकड्यांनी, काही योगायोगांनी बनलेला आहे. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक मोठी कामं अशीच होतात. प्रश्न येतो तो नावं लिहायच्या वेळी.

दरवानाचं अर्धं वाक्य

नावं लिहिण्याचा प्रश्न किती निसरडा आहे याचं पहिलं उदाहरण अल्बममधल्या बोलण्याच्या आवाजांत आहे. वॉटर्सने काही प्रश्न कार्डांवर लिहिले आणि स्टुडिओत जे कोणी सापडतील त्यांना एकेक करून ध्वनिक्षेपकासमोर बसवलं. सुरुवातीचे प्रश्न साधे होते, आवडता रंग कोणता अशा वळणाचे. मग हळूहळू कार्डं अवघड होत जात : तुम्ही शेवटचे हिंसक कधी झालात, तेव्हा तुमचं बरोबर होतं का, मरणाची भीती वाटते का. पॉल आणि लिंडा मॅकार्टनी त्याच इमारतीत होते, त्यांनाही विचारलं गेलं. त्यांची उत्तरं वापरली नाहीत, कारण ती सावध होती, श्रोत्यांसाठी दिलेली होती. वापरली गेली ती बँडचं सामान वाहणाऱ्या माणसांची, त्यांच्या घरच्यांची आणि अ‍ॅबी रोडचा आयरिश दरवान जेरी ओ’ड्रिस्कॉल याची उत्तरं. वेष्टनावर या बोलणाऱ्यांची नावं नाहीत.

अल्बमचा अगदी शेवटचा उद्गार या दरवानाचा आहे. चंद्राला वेगळी अशी काळोखी बाजूच नसते, तो सगळाच काळोखा आहे, असं काहीसं तो सांगतो. लाखो लोकांनी ते वाक्य एक अंतिम, निराश निष्कर्ष म्हणून ऐकलं आहे. पण ओ’ड्रिस्कॉलचं म्हणणं तिथे संपलं नव्हतं. चंद्र उजळ दिसतो तो केवळ सूर्यामुळे, असं तो पुढे म्हणाला होता. शाळेतल्या भूगोलातली एक साधी गोष्ट तो सांगत होता. बँडने पुढचा भाग घेतला नाही आणि साध्या माहितीचं तत्त्वज्ञान झालं.

आता हे वाक्य कोणाचं? शब्द दरवानाचे, अर्थ कात्रीचा. संकलकाने इथे लेखकाचं काम केलं आहे, यात शंका नाही. पण दरवानाच्या आवाजातला तो निवांत, किंचित थट्टेखोर सूर कात्रीला निर्माण करता आला नसता. तो मॅकार्टनीलाही जमला नव्हता. माझ्या मते या अल्बमचं यश बरंचसं अशा निवडींत आहे. बँडने स्वतःच्या मोठ्या विधानांवर भरवसा न ठेवता, नाव नसलेल्या माणसांच्या बोलण्यावर भरवसा ठेवला. माणसाच्या भीतीविषयी बोलणारं हे काम चार श्रीमंत तरुणांचं प्रवचन होता होता वाचलं, ते या आवाजांमुळे.

श्रेयाची वाटणीही किती सैल होती याचा आणखी एक दाखला आहे. अल्बमची सुरुवात ‘स्पीक टू मी’ या तुकड्याने होते. हृदयाचे ठोके आणि पुढे येणाऱ्या सगळ्या ध्वनींची ती सरमिसळ आहे. तिचं श्रेय एकट्या मेसनच्या नावावर आहे. पुढे संबंध बिघडल्यावर वॉटर्सने म्हटलं की, ते श्रेय आपण मेसनला भेट म्हणून दिलं होतं. श्रेय ही भेट देण्याची वस्तू असेल, तर ते न देण्याचीही वस्तू असते.

रविवारची संध्याकाळ

‘द ग्रेट गिग’ची मूळ कल्पना राइटची. १९७२च्या मंचीय प्रयोगांत या जागी तो ऑर्गन वाजवायचा आणि त्यावर बायबलमधले उतारे व माल्कम मगरिज या प्रसिद्ध पत्रकाराच्या भाषणाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं जायचं. मृत्यूविषयीचा हा भाग धर्माच्या टीकेसारखा होता. स्टुडिओत ऑर्गनची जागा पियानोने घेतली, गिल्मरची स्टील गिटार आली, पण वर काय ठेवायचं हे ठरेना. अखेर एखाद्या गायिकेला बोलवावं असं ठरलं आणि पार्सन्सने टोरीचं नाव सुचवलं. लोकप्रिय गाण्यांच्या स्वस्त नकला असलेल्या एका तबकडीवर त्याने तिचा आवाज ऐकला होता.

टोरी तेव्हा २५ वर्षांची होती. गाणी लिहिणारी आणि गरज पडेल तिथे गाऊन पैसे मिळवणारी मुलगी. तिने शनिवारी येण्याचं टाळलं, कारण त्या दिवशी तिच्याकडे चक बेरीच्या कार्यक्रमाचं तिकीट होतं. २१ जानेवारी १९७३, रविवार, संध्याकाळी ती आली. रविवार असल्यामुळे दर दुप्पट, म्हणून ३० पौंड. तिला फारशा सूचना मिळाल्या नाहीत. सुरुवातीला तिने रूढ पद्धतीने, गाण्यांत येतात तसे सुटे शब्द घालून पाहिले. शब्द नकोत, असं तिला सांगितलं गेलं. मग आपण एक वाद्य आहोत असं समजून गावं, असं तिने ठरवलं. दोन-तीन खेपांत काम संपलं आणि त्यांतले तुकडे जोडून अंतिम मुद्रण तयार झालं. बाहेर येताना ती संकोचली होती, आपण फार ओरडलो असं तिला वाटत होतं. हे वापरलं जाणार नाही अशीच तिची समजूत होती. पुढे लंडनमधल्या किंग्ज रोडवरच्या दुकानात अल्बम हाती घेतल्यावर, आत आपलं नाव पाहून तिला कळलं की ते वापरलं आहे.

रचनेच्या शीर्षकातला ‘गिग’ हा शब्द इथे बोचतो. गिग म्हणजे पैसे घेऊन केलेला कार्यक्रम, आपल्याकडची ऑर्केस्ट्रावाली मंडळी ज्याला ‘सुपारी’ म्हणतात ते. आभाळातली थोरली सुपारी, म्हणजे मरण. या भव्य रूपकाच्या मध्यभागी एक खरोखरची, रविवारची, दुप्पट दराची सुपारी आहे.

ती काय गायली?

आता प्रत्यक्ष गाण्याकडे. टोरीचा आवाज पहिल्या मिनिटानंतर येतो, ड्रमच्या एका जोरदार आघाताबरोबर, आणि आल्या आल्या वरच्या पट्टीत असतो. आपल्या सवयीने आपण अपेक्षा करतो की आवाज खालून सुरू होईल, एकेक स्वर उलगडत वर जाईल. इथे उलट आहे. सुरुवातीलाच टिपेचा आकांत. तिथून ती खाली घसरते, पुन्हा चढते, स्वर धरते, तो मुद्दाम खरखरीत करते, तोडते. आफ्रिकी-अमेरिकी चर्चगायनाच्या आणि सोल संगीताच्या ताना इथे सर्वत्र आहेत. टोरी गोरी इंग्रज मुलगी होती आणि ही भाषा तिने रेकॉर्डींवरून उचललेली होती, हेही नोंदवायला हवं. कुणाचं ऋण मोजायचं आणि कुठे थांबायचं, हा प्रश्न तिच्याही मागे उभा आहेच.

मध्ये ड्रम थांबतात. पियानो एकटा उरतो आणि आवाज बदलतो. मघाचा आकांत कुणाशी तरी भांडत होता. आता तो आवाज कुणालाच ऐकवायचा नसल्यासारखा आत वळतो. शेवटाकडे तो जवळजवळ श्वासावर येतो. दमलेला, पण हरलेला नाही. मृत्यूविषयीच्या रचनेला इथे एक कथानक मिळतं : प्रतिकार, थकवा, स्वीकार. हे कथानक राइटच्या पियानोत बीजरूपाने आहे, जोराचा आणि हळुवार भाग त्याने आखलेला होता. पण ‘प्रतिकार’ आणि ‘स्वीकार’ हे शब्द मला सुचतात ते आवाजामुळे. तो काढून टाकला तर उरतं एक सुंदर, उदास, थोडं पोकळ असं पियानोवादन. बायबलचे उतारे त्यावर ठेवून ही पोकळी भरत नव्हती, म्हणूनच तर तिला बोलावलं गेलं.

यावर एक सरळ आक्षेप आहे. ‘मनी’मधला पॅरीचा सॅक्सोफोन किंवा गिल्मरची गिटार हीसुद्धा जागच्या जागी सुचलेली. ‘मनी’चं रचनाश्रेय मात्र एकट्या वॉटर्सचं. मग टोरीलाच वेगळा न्याय का? माझं उत्तर असं : ‘मनी’मधून सॅक्सोफोन काढला तरी ‘मनी’ उरतं. त्याची चाल, शब्द, सात मात्रांचा तो ठसठशीत खर्ज, सगळं जागेवर राहतं. कुणीही ते गाऊन दाखवू शकतं. ‘द ग्रेट गिग’ गाऊन दाखवा असं म्हटलं, तर तुम्ही जे काही गाल ते टोरीचं असेल. त्या रचनेला दुसरी चालच नाही. एका ठिकाणी विस्तार हा रचनेवरचा दागिना आहे, दुसऱ्या ठिकाणी विस्तार हीच रचना आहे.

बंदिश कोणाची, बढत कोणाची

ज्या कायद्याखाली हा प्रश्न पुढे गेला तो मुळात लिहून ठेवलेल्या संगीताच्या हिशेबाने घडलेला आहे. संगीतकार लिहितो, वादक-गायक ते सादर करतात. संगीतकाराला दर वेळी स्वामित्वधन मिळतं, सादर करणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी. ही विभागणी ज्या संगीतात लिहिणं आणि गाणं वेगळं असतं तिथे ठीक चालते. सुचणं आणि गाणं एकाच क्षणी घडतं तिथे ती अडखळते. जॅझमध्ये हे वाद जुनेच आहेत. ज्या ‘काइंड ऑफ ब्लू’चं ऋण राइटने मान्य केलं, त्यातल्या ‘ब्लू इन ग्रीन’चं श्रेय माइल्स डेव्हिसच्या नावावर आहे आणि ती आपली रचना असल्याचं पियानोवादक बिल इव्हान्स सांगत आला.

आपल्याकडे ख्यालगायनात हीच विभागणी निराळी आहे. बंदिश सदारंगाची असेल, पण मैफल सदारंगाची नसते. दोन ओळींच्या बंदिशीवर तासभर जे उभं राहतं ते गायकाचं असतं, आणि त्याबद्दल कुणाला शंका येत नाही. ‘अमक्यांचा मारवा’ असं आपण म्हणतो तेव्हा मारव्यावर मालकी सांगत नसतो, त्या बढतीचं श्रेय देत असतो. या नजरेने पाहिलं तर ‘द ग्रेट गिग’मध्ये राइटने चौकट दिली, वळणं दिली, कुठे भरायचं आणि कुठे रितं ठेवायचं ते दिलं. टोरीने बढत केली. दोन्ही नावं लागतात, आणि दुसरं नाव साथीदाराचं नव्हे.

मात्र आपल्या परंपरेकडे बोट दाखवताना फार ताठ मानेनेही दाखवता येत नाही. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर गायकाचं नाव ठळक असतं. सारंगी कुणाची, तबला कुणाचा, हे क्वचितच लिहिलेलं सापडतं. सुचणाऱ्याला मान देणाऱ्या आपल्या पद्धतीतही तो मान एका विशिष्ट आसनावर बसलेल्यालाच मिळतो. टोरीच्या गोष्टीतून शिकायचं ते दोन्ही बाजूंनी.

टोरीने २००४मध्ये पिंक फ्लॉइड आणि ईएमआय यांच्याविरुद्ध लंडनमध्ये दावा लावला. म्हणणं एवढंच, की आपण सहरचनाकार आहोत. २००५मध्ये न्यायालयाबाहेर तडजोड झाली, अटी गुप्त राहिल्या आणि श्रेयनामावलीत तिच्या गायनरचनेची नोंद आली. टोरीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. टीकेच्या दृष्टीने मात्र एक उणीव राहिली : उत्स्फूर्त गायन हे रचना केव्हा ठरतं, याची कारणमीमांसा करणारा निकाल या प्रकरणात लिहिला गेला नाही. ती कारणमीमांसा श्रोत्यांना करावी लागते.

तिच्यासाठी सर्वांत भक्कम पुरावा न्यायालयात नव्हे, मंचावर आहे. १९७३नंतर पिंक फ्लॉइडने ही रचना जेव्हा जेव्हा वाजवली, तेव्हा गायिकांनी आपल्या मनाने नवं काही गायलं नाही. व्हेनेटा फील्ड्स आणि कार्लेना विल्यम्स यांनी १९७४मध्ये, आणि १९९४च्या दौऱ्यात तीन गायिकांनी भाग वाटून घेऊन, टोरीचीच वळणं गायली. १९९०मध्ये नेबवर्थच्या महोत्सवात खुद्द टोरी बँडबरोबर गायली. एकाच संध्याकाळी सुचलेली वळणं पुढच्या गायिका पाठ करतात, तीन आवाजांत विभागतात, ती चुकली तर श्रोत्यांना कळतं. याला रचना म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं? बढत पाठ होऊन गायली जाऊ लागली की तिची बंदिश झालेली असते.

उलट बाजूचा पुरावा खुद्द वॉटर्सने पुरवला. ऑक्टोबर २०२३मध्ये त्याने हा संपूर्ण अल्बम नव्याने, जुन्या साथीदारांशिवाय मुद्रित केला. ‘द डार्क साइड ऑफ द मून रिडक्स’ असं त्याचं नाव. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा वॉटर्स त्यात गाण्यापेक्षा बोलतो जास्त. गिटारचे एकल भाग गेले. ‘द ग्रेट गिग’मध्ये टोरीच्या आकांताच्या जागी कवी डोनल्ड हॉलच्या अखेरच्या दिवसांविषयीचं निवेदन वॉटर्सच्या आवाजात आहे. हे मुद्रण अप्रामाणिक नाही. म्हाताऱ्या माणसाने तरुणपणीच्या शब्दांकडे पुन्हा पाहण्यात एक खरेपणा आहे, आणि ‘टाइम’सारख्या गाण्याला तो थकलेला आवाज शोभतोही. पण या एका जागी ऐकणाऱ्याला काय नाहीसं झालं ते लगेच कळतं. १९७२मध्ये इथे उतारे वाचले जात होते. पन्नास वर्षांनी पुन्हा निवेदन आलं. मृत्यूविषयी बोलणं आणि मृत्यूसमोर आवाज उठवणं यांतला फरक मध्ये एका रविवारी सापडला होता.

गल्ल्याचा आवाज

या अल्बमचं जे झालं ते आकड्यांतच सांगतात. १९८८पर्यंत तो अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत ७४१ आठवडे होता. आजवर साडेचार कोटींहून अधिक प्रती खपल्याचा अंदाज दिला जातो. हिप्नोसिस या संस्थेने केलेलं आणि जॉर्ज हार्डीने रेखाटलेलं लोलकाचं चित्र, काळ्यावर सहा रंगांचा पट्टा, संगीत न ऐकलेल्या मुलांच्याही टी-शर्टवर असतं. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जतन करायच्या ध्वनिमुद्रणांत त्याची नोंद केली आहे. २०२४मध्ये बँडने आपल्या मुद्रणांचे आणि नाव-प्रतिमेचे हक्क सोनी म्युझिकला विकले, सुमारे ४० कोटी डॉलरना, असं वृत्त आलं. त्या व्यवहारात गीत-संगीताच्या रचनेचे हक्क नव्हते, असंही त्याच वृत्तांत होतं. कोणतं मुद्रण आणि कोणती रचना, ही बारीक रेघ आजही किती मोलाची आहे ते यावरून कळावं. १९७३च्या त्या संध्याकाळी टोरीला या रेघेच्या एका बाजूला बसवलं गेलं होतं. तीस वर्षांनंतर ती रेघ ओलांडून ती पलीकडे गेली.

कुणी म्हणेल की ठरलेली मजुरी तिला मिळाली, तिने ती घेतली, यात फसवणूक कुठे आहे? मीही फसवणूक म्हणत नाही. त्या खोलीतल्या कुणालाच, तिला स्वतःलासुद्धा, आपण काय केलं ते त्या दिवशी कळलं नव्हतं. चाकोरी ठरलेली होती आणि सगळे चाकोरीने वागले. अन्याय पुष्कळदा असाच होतो, कुणाच्या वाईट हेतूशिवाय, रिवाजाने. म्हणूनच तो दुरुस्त करताना खलनायक शोधण्याची गरज नसते. कान उघडे ठेवून पुन्हा ऐकण्याची गरज असते. राइट २००८मध्ये गेला. या दुरुस्तीने त्याचा पियानो लहान झालेला नाही. उलट, दुसऱ्याच्या आवाजासाठी इतकी नेमकी जागा मोकळी ठेवणारा रचनाकार म्हणून तो मला अधिक मोठा वाटतो.

तबकडीच्या रचनेत एक योगायोग आहे, तो सांगून थांबतो. पहिली बाजू संपते ती टोरीच्या विरत जाणाऱ्या श्वासावर. मग उठून तबकडी उलटावी लागते. सुई टेकते, आणि दुसऱ्या बाजूचा पहिला आवाज येतो तो गल्ल्याचा आणि नाण्यांचा.